तेराव्याची पंगत

"हंबीररावांना उठून जायचं असंल तर जाऊ दे," बयाबाई म्हणाल्या. "पंगत दिवस मावळल्यावरच बसंल."

आकारामने आईकडे पाहिलं आणि मान डोलावली. दुपार टळून गेली होती. त्याच्या वडिलांच्या, मौलालीआबांच्या तेराव्याचं जेवण केव्हाच तयार होतं, आणि उचगावची सगळी भाऊकी मांडवात उपाशी बसली होती.

खोळंबा एका पाहुण्यासाठी होता. कुरुंदवाडचा गैबी. हुपरीच्या बाजारात आबा मिरच्या विकायचे, गैबी वांगी. तरुणपणापासून दोघांचं कापडी पाल एकच. घरी मात्र कधी जाणंयेणं नाही. अडीनडीला एकमेकांना बैल दिले, बियाणं दिलं. भाकरी तेवढी ज्याची त्यानं खाल्ली. रमजानात गैबी दिवसभर पाणीही पीत नसे, म्हणून आबाही बाजारात तसेच राहायचे. "त्यो उपाशी, आन् मी कसा खाऊ?" म्हणायचे.

शेवटच्या दुखण्यात त्यांनी एकच गोष्ट मागितली होती. माझ्या तेराव्याला गैबीला आपल्या पंगतीत बसवा. आणि तेरावं नेमकं रमजानात आलं. गैबीला निरोप धाडला, तो 'मौलाली गेले, जेवायला या' एवढाच.

हंबीरराव भाऊकीतले वडीलधारे. आकारामच्या मुलीची सोयरीक त्यांच्याच मेव्हण्याकडे ठरत आली होती.

"आबा नवसाचा, म्हणून त्येला पिराचं नाव. त्येला कोण न्हाय म्हणत न्हाय," ते म्हणाले. "पर मुसलमान पंगतीत? मी उठलो की भाऊकी उठली म्हणून समज. मग पोरीला कोण करून घेतंय बघू."

तेवढ्यात गैबी आला. वाकलेला, पायभर धूळ, ओठ सुकलेले. दारातल्या तुळशीपाशी तो थांबला.

"रामराम. मौलालीचं घर ह्येच न्हवं?"

"व्हय. या चाचा," आकाराम म्हणाला.

म्हाताऱ्यानं त्याच्या मुंडण केलेल्या डोक्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मांडवाच्या कडेला टेकला. रोजा असणार म्हणून कुणी पाणी विचारलं नाही. त्यानंही मागितलं नाही.

वेळ काढायला माणसं आबांविषयी बोलू लागली. थोरल्या नातवाला कोल्हापूरच्या बोर्डिंगात ठेवलं, तेव्हा आबांनी त्याची पेटी डोक्यावरून नेली आणि संध्याकाळपर्यंत फाटकाबाहेरच बसून राहिले.

"रखवालदारानं इचारलं, आजोबा, तुमचंबी नाव घालायचंय का?" कुणीतरी म्हणालं. मांडव हसला.

बाजारातून येताना नातवंडं वेशीपर्यंत पळत जायची. सगळ्यांच्या ओंजळी चिरमुऱ्यांनी भरेपर्यंत आबा पुढे पाऊल टाकत नसत. मेलेल्या भावाच्या मुली त्यांनीच वाढवल्या, त्यांनीच नांदायला धाडल्या, आणि प्रत्येकीच्या वेळी मांडवामागं जाऊन रडले.

"मला वाटायचं, माझ्यासाठी एकदा तरी रडतील," बयाबाई म्हणाल्या. "मी माहेरी गेले की मिरच्यांचा भाव काय आला, तेवढं इचारायचे."

पुन्हा हशा झाला. गैबीही हसला. मग त्यानं हळूच विचारलं, "वैनी, रमजानात बाजारच्या दिवशी मौलाली कवा जेवायचा?"

"घरी आल्यावर. दिवस मावळल्याबिगर घास न्हाय. तुमच्यापायी की."

गैबीनं तोंडावर पटका धरला. त्याचे खांदे हलत राहिले. बायकांनीही डोळ्यांना पदर लावले.

ऊन उतरलं. पत्रावळ्या मांडल्या गेल्या. आकारामने गैबीला हात धरून आणलं आणि पंगतीच्या मध्यावर बसवलं. हंबीरराव उठून उभे राहिले. त्यांच्या मागोमाग आणखी काहीजण उठले.

बयाबाई पुढे झाल्या. "हंबीरराव, प्लेगात गाव रानात पळालं, तवा तुमच्या आईला पाठीवर घालून झोपडीत कुणी न्हेलं? ह्यांनीच न्हवं? गाठ आलेल्या बाईला तुमीबी शिवत न्हवता. आज त्यो माणूस एक घास मागतोय, त्योबी सोबत्यासाठी."

हंबीररावांनी जोडे पायात घातले. दोन पावलं गेले. थांबले. मग जोडे तिथंच काढून परत आले आणि नेमके गैबीच्या शेजारी बसले.

"वाढा आता," ते खेकसले. "भुकेनं जीव चाललाय."

उठलेले सगळे बसले. आकारामने परात उचलली.

दिवस मावळला. गावातल्या मशिदीतून बांग आली. कोल्हापुरातून मुद्दाम आणलेले खजूर आकारामने गैबीपुढे धरले.

"चाचा, आधी रोजा सोडा. मग आमी जेवतो."

गैबीनं एक खजूर उचलला आणि हंबीररावांच्या पानावर ठेवला.

"कसला रोजा, लेकरा? मीबी नवसाचाच, नाव तेवढं पिराचं. रोजा मौलालीचा असतोय असं वाटायचं, म्हणून मी इतकी वरसं बाजारात घास खाल्ला न्हाय."