उलटी चोच

घोटाभर चिखलात उभे राहूनही काका हार मानायला तयार नव्हते.

"बाई, वर वळते ती मिशी. चोच नव्हे!"

काका संग्रहालयात मेलेल्या पक्ष्यांत पेंढा भरून त्यांना जिवंतासारखं उभं करायचे. तीस वर्षांपूर्वी असाच एक काळा-पांढरा, लांब पायांचा पक्षी खोक्यातून त्यांच्या टेबलावर आला. चोच वर वळलेली. प्रवासात ओल लागून वाकडी झाली असणार, म्हणून काकांनी ती वाफेवर धरली आणि हलक्या हातानं खाली वळवली. शेजारच्या पक्ष्यांसारखी. हे त्यांचं सगळ्यात लाडकं काम, दारासमोरच्या कपाटात मानानं उभं असलेलं. आणि परवा आलेल्या नव्या प्रमुख बाई म्हणत होत्या, पक्षी चुकलाय, कपाटातून काढा.

"आधी जिवंत दाखवा, मग काढतो," काकांनी बजावलं होतं. म्हणून दोघं सकाळच्या ओहोटीला खाडीवर आले होते.

"ते बघा," बाई हळूच म्हणाल्या.

पाण्याच्या पातळ थरात सात-आठ जण उतरले होते. पांढरेशुभ्र, पाठीवर काळे पट्टे, निळसर काटकुळे पाय. एकानं मान वाकवली. चोचीचं वर वळलेलं टोक चिखलावर अलगद आडवं टेकलं, आणि घर झाडावं तसा तो चोच डावी-उजवीकडे फिरवत चालू लागला. खाली पाहतही नव्हता. जे काही बारीकसारीक लागेल ते टिपत होता. मग बाकीचेही आले. सगळे एका ओळीत, एका लयीत.

इतकं देखणं काही काकांच्या टेबलावर कधी आलंच नव्हतं. त्यांचा हात आपोआप हवेत तसाच फिरू लागला, डावीकडे, उजवीकडे. मग त्यांनी बोटं खाली वळवून पाहिली आणि हात थांबला. असं टोक चिखलात रुतूनच बसलं असतं.

कितीतरी वेळ गेला. पाणी पोटऱ्यांपर्यंत चढलं.

"काका, पटलं ना? चला आता, भरती आली."

"थांब गं पोरी," नजर न हलवता काका म्हणाले. "तीस वर्षं उपाशी ठेवलंय मी त्याला. पोटभर जेवू दे."