साडेनऊ फूट

"दारातून पुन्हा चालत ये," मी बायकोला तिसऱ्यांदा म्हणालो. शिलाई मशीनवरून उठून ती दाराशी गेली, तिसऱ्यांदा चालत आली आणि तिसऱ्यांदा तिचा चेहरा पुसट आला.

वीस वर्षं लोकांची लग्नं शूट केली. आता एकदा स्वतःची छोटी फिल्म करावी, म्हणून सिनेमाचा हा स्वस्तातला कॅमेरा दुकानदाराकडून दोन दिवस वापरून बघायला आणला होता. चित्र झकास, पण चालत्या माणसावर फोकस आपोआप धरत नाही. लेन्सची रिंग हातानं फिरवावी लागते, आणि चष्म्यातून मला तेवढं बारीक दिसेना.

"उद्या परत करतो. आपलं वय गेलं," मी चिडून म्हणालो.

"रिंगवर आकडे कसले?"

"फुटांचे. माणूस किती लांब आहे ते."

तिनं कॅमेऱ्यामागून दाराकडे नुसतं बघितलं. "साडेनऊ."

तिच्या गळ्यातला टेप घेऊन मी मोजलं. साडेनऊच! बघूनच ब्लाउजचं माप सांगणारी बाई ती.

मग रिंग तिच्या हातात दिली आणि दारातून मीच चालत आलो. अंतर बघत ती रिंग फिरवत गेली. नंतर स्क्रीनवर बघितलं, तर माझी पिकलेली दाढी उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत केसन् केस स्वच्छ दिसत होती.

कॅमेरा ठेवतोय हे कळवायला मी दुकानदाराचा नंबर काढला. तिनं माझा हात धरला.

"सिनेमाच्या शेवटी नावं येतात, त्यात रिंग फिरवणाऱ्याचं असतं?"

"असतं."

"मग लावा फोन," ती म्हणाली. "इतके ब्लाउज शिवले, एकावरही माझं नाव नाही."