वितळलेली रेघ

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या कडाक्याच्या हिवाळ्यात अंगणातला नवा लाकडाचा बॉयलर निम्म्या लाकडात घर तापवत होता. जुना कुंपणापाशी थंड पडून होता. त्याचं गरम पाणी घरात नेणारे जमिनीतले पाइप कोरिन आणि तिचा नवरा आर्मांड यांनीच खणून काढले होते.

तरी त्या सकाळी जुन्यापासून घराकडे बर्फ वितळून काळी रेघ उमटली.

"ऊन लागलं असेल," आर्मांड हसला. "तू आता बर्फावरही संशय घे!"

"ऊन अशी सरळ रेघ मारतं होय रे? आणि पाइप स्वयंपाकघराकडे जायचे. ही ओडेटच्या खोलीकडे चाललीय."

दुसऱ्या सकाळी रेघ भिंतीला भिडली होती. कोरिन धावत लेकीच्या खोलीत शिरली. भिंतीला हात टेकवताच चटका बसला.

"आई," पांघरुणातून ओडेट हळूच म्हणाली, "त्याला आता लाकूड नकोय."