बँडवाल्या

राष्ट्रीय स्पर्धेत फैजपूरच्या मुलींचं ड्रम पथक देशात दुसरं आलं आणि जळगावहून जाहीर सत्काराचं बोलावणं आलं. पथकप्रमुख नाजमीन आपल्या अठरा जणींना कडक इस्त्रीच्या गणवेशात, ड्रमसकट तिथल्या मेहरूण भागातल्या सभागृहाशी घेऊन आली. दारातच एका कार्यकर्त्याने हात आडवा घातला.

"बँडवाल्यांनी बाहेरच थांबायचं. पाहुण्यांची गाडी आली की वाजवा."

"भाऊ, आम्ही दिल्लीच्या स्पर्धेतून..."

"अरे वा! मग लग्नाच्या ऑर्डरी पण घेता का?"

नाजमीनने निमंत्रणाचं पत्र पुढे धरलं. तेवढ्यात गाडी आली, आणि पत्राकडे न बघताच तो तिकडे पळाला. पाहुणे आत गेले, दार लागलं. मुली उन्हात तशाच उभ्या राहिल्या.

रोहिणीने गळ्यातला ड्रम उतरवला. "ताई, चाल ना घरी. आठ महिने कवायतीत पाय सोलून घेतले, आपल्याले कोन विचारते?"

नाजमीनच्या डोळ्यांत पाणी आलं, ते रागाचं होतं. "घाल तो गळ्यात. लाइन लावा!"

आणि त्या बंद दारासमोर त्यांनी दिल्लीत वाजवलेलं सगळंच्या सगळं, एकही पाऊल न चुकवता वाजवलं. शेवटचा ठोका पडायच्या आत दार उघडलं. तोच कार्यकर्ता घामाघूम होऊन धावत आला.

"अहो, बंद करा ते! केव्हापासून स्टेजवरून दिल्ली गाजवलेल्या पथकाला पुकारताहेत. तुमच्या या गोंगाटात त्यांना ऐकू कसं जाणार?"