खंडेनवमीचं कुंकू

"प्लग काढलाय ना? मग वीज मेली," म्हणत भागीरथीबाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन सुनेच्या टेबलाशी आल्या. खंडेनवमी होती. नयना घरी महागडे हेडफोन दुरुस्त करायची. त्या हेडफोनचाच एक अ‍ॅम्प्लिफायर झाकण काढून ठेवलेला होता, आणि अवजाराची पूजा चुकलेली बाईंच्या घरात चालत नसे.

"आई, या खास जातीच्या हेडफोनला पाचशे ऐंशी व्होल्ट लागतात. प्लग काढला तरी या डब्याच्या पोटात वीज साठून राहते. थांबा, आधी ती उतरवते, मग कुंकू लावा."

"गाणी ऐकायच्या डब्याला कसली गं एवढी वीज? तू जन्मायच्या आधीपासून मी पिठाची गिरणी पुजतेय. मला शिकवू नकोस!" बाईंनी ओली बोटं थेट आत नेली.

नयनानं झेप घेऊन सासूचा हात बाजूला ढकलला. त्या झटापटीत तिचाच हात आत पडला.

दीड महिना झाला, तिच्या दोन बोटांना अजून स्पर्श कळत नाही. बारीक तार धरता येत नाही, म्हणून दुरुस्तीला आलेलं सगळं सामान तिनं परत पाठवलं. काल शेजारच्या कमळाक्कांनी विचारलं, तर हसून म्हणाली, "माझंच लक्ष नव्हतं."

"एवढ्या शिकतात, पण धांदरट त्या धांदरटच!" अक्का बाईंकडे वळून म्हणाल्या.

जन्मात कुणाला उलट उत्तर दिल्याशिवाय न राहिलेल्या भागीरथीबाईंच्या ओठांवर खरं ते आलं होतं.

"चहा टाकते," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.