सामानापाशी

गुहेच्या तोंडाशी पोचल्याबरोबर आत्याने बाक शोधला. तिकीटखिडकीसमोरचा, सावलीतला, पाठ टेकता येईल असा. त्यावरची धूळ तिने रुमालाने झटकली, बसली आणि दोन्ही हात पुढे केले.

भावाने खांद्यावरची बॅग दिली. वहिनीने पर्स, स्वेटर आणि औषधांची निळी पिशवी दिली. भाचीने पाठीवरची सॅक काढून बाकावर टाकली. मग बसमधले बाकीचे आले. सहलीच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांनाही सवय झाली होती. "तुम्ही बसणारच आहात ना, आत्या?" असं म्हणत एकेकाने आपापलं बोचकं टेकवलं. थोड्याच वेळात आत्या सामानाआड अर्धीअधिक दिसेनाशी झाली.

सहलीचा आज शेवटचा दिवस. राजवाडा झाला, किल्ला झाला, धबधबा झाला. प्रत्येक ठिकाणी आत्याने दारातला बाक पाहिला होता. राजवाड्याचा बाक लोखंडी, चटके देणारा. किल्ल्याचा रखवालदार मोठा गप्पिष्ट. त्याच्या थोरल्या मुलीचं जमलेलं लग्न कशावरून मोडलं, ते आत्याला सविस्तर ठाऊक होतं. किल्ल्यात काय होतं ते ठाऊक नव्हतं.

मंडळी परत आली की ती विचारायची, "काय होतं रे आत?"

"काही विशेष नाही," भाऊ घाम पुसत म्हणायचा. "नुसते दगड. तुला उगाच दम लागला असता."

पण त्याचे डोळे लहानपणी जत्रेतून परतल्यावर असायचे तसे असायचे. आत्या ते बघायची आणि ज्याची त्याला बॅग द्यायची. कधी कोणाची अदलाबदल झाली नाही.

या सहलीसाठी तिने मुद्दाम बूट घेतले होते. खाली खाचा असलेले, ओल्यात न घसरणारे. ते अजून खोक्यातून काढल्यासारखे पांढरे होते.

बोलून बोलून आवाज बसलेली सहलीची गाइड मुलगी दोरीचं वेटोळं घेऊन आली. "आत दिवे नाहीत. पायऱ्या ओल्या आहेत. सगळ्यांनी दोरी धरून चालायचं. पुढचं टोक माझ्याकडे. मागच्या टोकाला भरवशाचं माणूस हवं. कोणी मागे राहिलं, दोरी सोडली, की लगेच हाक मारणारं."

"मी धरतो की," भाऊ म्हणाला.

"काका, परवा तुम्ही टोपी विसरलात. काल चष्मा."

मंडळी हसली. भाऊही हसला. गाइड मुलगी बाकाकडे वळली.

"आत्या, तुम्ही धरा. तुमच्या हातून काही सुटत नाही."

आत्याने मान वळवून मागे पाहिलं. मागे भिंतच होती.

"मी? आणि हे सगळं?"

सगळे आपापल्या बॅगेकडे बघू लागले. सामान आत न्यायची परवानगी नव्हती. कोणीतरी बसायला हवंच होतं.

"ताईला नाही झेपायचं," भाऊ म्हणाला. "गुडघे..."

"गुडघे तुमचे," वहिनी म्हणाली. "रोज तेल मी चोळतेय ना? वन्सं धडधाकट आहेत."

"अगं, पण एवढ्या लांब मी काय सामान राखायला आलोय?"

बोलून झाल्यावर तो थांबला. भाची दोरीची गाठ निरखत राहिली.

आत्या उठली. आपण बसलो होतो ती जागा तिने रुमालाने पुन्हा झटकली.

"निळी पिशवी आडवी करू नकोस," ती भावाला म्हणाली. "औषधाच्या बाटलीचं झाकण सैल आहे."

आत पायऱ्या खाली खाली जात होत्या. दोरी ताणली की चालायचं, सैल पडली की थांबायचं. आत्याने टोक मनगटाला एक वेढा देऊन धरलं होतं. तिच्यापुढे भाची होती. मधूनच अंधारातून तिचा आवाज यायचा, "आत्या, आहेस ना?"

"आहे."

तळाशी सगळे थांबले. छताला कुठेतरी फट होती, तिथून सुताएवढा उजेड आत येत होता. आत्याला वाटलं, पायाशी खोल दरी आहे आणि दरीच्या तळाला आणखी एक गुहा उलटी टांगली आहे. ती एक पाऊल मागे सरली. तेवढ्यात वरून एक थेंब पडला आणि सगळी दरी हलली. ते पाणी होतं.

पाणी पुन्हा स्थिर झालं, पुन्हा दरी झाली. दोरी ताणली गेली तरी आत्या हलली नाही. तिला हाक मारावी लागली.

बाहेर बाकावर ऊन आलं होतं. भाऊ बॅगांच्या मधोमध बसला होता. निळी पिशवी आडवी झाली होती आणि वहिनीच्या स्वेटरवर औषधाचा लाल ओघळ उतरला होता. माणसं एकदम बोलत बाहेर आली, आपापलं सामान शोधू लागली. एकाच्या हाती दुसऱ्याची पिशवी गेली.

"काय होतं गं आत?" भावाने विचारलं.

वहिनी सांगायला गेली, तेवढ्यात तिची नजर स्वेटरवर पडली. आत्याने वाकून त्याची बॅग उचलली, पट्टा सरळ केला आणि त्याच्या खांद्याला अडकवली.

"काही विशेष नाही," ती म्हणाली. "पाणी होतं नुसतं."

बसमध्ये भाची तिच्या शेजारी बसली. रुमाल ओला करून तिने पुढे केला.

"आत्या, बूट बघ, चिखलाने भरलेत. पुसून देऊ?"

आत्याने पाय सीटखाली ओढून घेतले.

"राहू देत," ती म्हणाली.