राजाचं आसन आडवं करणारा

राजा उठला की त्याचं लाकडी आसन लगेच आडवं करायचं, नाहीतर जागा रिकामी पाहून भलताच कुणीतरी येऊन बसतो. कुमासीच्या मुलखात हे पोराटोरांनाही ठाऊक असतं. बोआहेन एकेचाळीस वर्षं हे काम एका हाताने करत आला होता.

म्हाताऱ्या राजाचा आजार तीन महिने चालला. मग एका सकाळी आसनावर बसल्याबसल्याच तो 'गावाला गेला'. राजा मेला, असं तिकडे कुणी म्हणत नाही.

चाळीस दिवसांनी, तिथल्या रीतीप्रमाणे त्याच्या भाच्याला गादीवर बसवायच्या सकाळी, राजमातेने बोआहेनला विचारलं, "त्या दिवशी आसन आडवं केलं होतंस ना रे?"

"ते उठले कुठे होते? उचलून नेलं त्यांना. उठल्यावर आडवं करायचं, अशी रीत आहे. रीत मला नका शिकवू."



भाचा आसनावर बसला. ढोल वाजले, बंदुका उडाल्या. मग तो उठला, आणि बोआहेनने आसनाला हात घातला. ते हललं नाही.

"काका, म्हातारे झालात," नवा राजा हसला.

बोआहेनने दोन्ही हात लावले, पाय रोवले. आसन नुसतं कुरकुरलं, आजारी राजा अंग सावरून बसताना कुरकुरायचं तसंच.

बोआहेन जराही गोंधळला नाही. राजाला इतक्यात उठायचं नसलं की काय करायचं, हे त्याला पक्कं माहीत होतं. तो दोन पावलं मागे सरला, आदराने खांद्यावरचं कापड खाली घेतलं, आणि रिकाम्या आसनासमोर मान झुकवून थांबला.